महालक्ष्म्यांची आंबील आणि भाज्या निवडतानाचा टीव्ही

गोकुळपेठी
तान्हा पोळा आटोपला आणि नागपुरातल्या मारबतींची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक केबलवर पाहून झाली की आमच्या घरात दोन विषय निघतात, आणि ते विसर्जनापर्यंत संपत नाहीत. आंबिलीसाठी ज्वारी कुठून आणायची हा पहिला विषय, आणि आवाहनाच्या रात्री भाज्या निवडताना टीव्हीवर काय लावायचे हा दुसरा. या धाग्यावर मला दोन्हींची चर्चा हवी आहे, कारण दोन्ही कामे एकाच रात्री, त्याच माणसांच्या हातून होतात.

ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा आणि कनिष्ठा या गौरींचे आवाहन होते, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि महानैवेद्य होतो, आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. पूजनाच्या दिवशी पानात पुरणपोळी, कटाची आमटी, पडवळ घातलेली कढी, वडे, सोळा भाज्या, पंचामृत असे सगळे असते. पण पानाच्या कडेला पळसाच्या द्रोणात जी गार आंबील येते तिच्यावाचून नैवेद्य पुरा झाला असे आमच्याकडे कोणी मानत नाही. तिची स्तुती फारशी कोणी करीत नाही, मात्र पुरणाने जड झालेले पाहुणे पंक्तीत दुसऱ्यांदा काही मागतात तर तीच मागतात.

आमची पद्धत अशी आहे. ज्वारी धुऊन, कापडावर पसरून सावलीत वाळवतो आणि गिरणीतून जाडसर भरडून आणतो. ही भरड चाळली की खाली पीठ पडते आणि वर कण्या राहतात. भरड एक वाटी असेल, तर तिच्यातले पीठ दोन वाट्या आंबट ताकात कालवून आवाहनाच्या रात्री झाकून ठेवायचे. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात कण्या मऊ होईपर्यंत, म्हणजे साधारण वीस मिनिटे, शिजवायच्या, मग रात्रीचे आंबलेले मिश्रण बारीक धारेने ओतत एकसारखे ढवळत राहायचे. आणखी दहा मिनिटे मंद आंचेवर ठेवले की पिठाचा कच्चा वास जातो. गार झाल्यावर दोन वाट्या ताजे ताक, मीठ, जिरेपूड, आले आणि हिरवी मिरची यांचे वाटण, खोबऱ्याचे पातळ काप आणि बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालायचा. नैवेद्याची आंबील असल्यामुळे लसूण घालत नाहीत. आमच्याकडे फोडणीही नसते, पण यावर मतभेद आहेत याची मला कल्पना आहे.

आता टीव्हीविषयी. ज्या रात्री पीठ भिजते, त्याच रात्री सोळा भाज्या निवडायच्या असतात. गवारीच्या शेंगांचे दोर काढणे, सांबाराच्या जुड्या सोडून पिवळी पाने वेगळी करणे, धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या शिरा सोलणे, कोहळ्याच्या फोडी करणे ही कामे डोळे हातांवर ठेवूनच करावी लागतात. अशा वेळी टीव्हीवर काय असावे याचा माझा एकच निकष आहे, तो म्हणजे नुसते ऐकून कळले पाहिजे. ज्या मालिकेत माणसे एकमेकांकडे नुसती पाहतात आणि मागे ढोल वाजतात, ती या रात्री निरुपयोगी ठरते, कारण दर दोन मिनिटांनी कोणीतरी मान वर करून ‘आता काय झाले?’ असे विचारते आणि विळी थांबते. उलट अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा एखादा चित्रपट लावला, तर संवाद सर्वांना पाठ असल्यामुळे मान वर करण्याचे कारणच उरत नाही. हसण्याची जागा आली की हातातली गवार खाली न ठेवता सगळे हसतात.

आपल्याकडे आंबील कशी होते आणि या रात्री काय लावले जाते, दोन्ही लिहावे. पुरणपोळीसाठी वेगळा धागा आहे.

महालकर
ताई, धागा चांगला आहे, परंतु माझे मत थोडे कडक आहे. आवाहनाच्या दिवशी टीव्ही लावूच नये, असे आमच्या वाड्यात पूर्वीपासून ठरलेले आहे. मुखवटे घेऊन सवाष्ण उंबऱ्यापासून रांगोळीच्या पावलांवरून घरभर फिरते, प्रत्येक खोलीत तिला ‘इथे काय आहे?’ असे विचारतात आणि ‘धान्य आहे, धन आहे, दूधदुभते आहे’ असे सांगितले जाते. त्या वेळी आतल्या खोलीतून जाहिरातीचा आवाज येऊ लागला तर ते मला सहन होत नाही.

ऐकत काम करण्याची आपली कल्पना मात्र मान्य आहे. आमच्या आईच्या पिढीने तेच केले, फक्त रेडिओवर. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 सालचे आहे आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर रेडिओ कायमचा असे. संध्याकाळी कीर्तन किंवा भजन लागले की भाज्यांचा ढीग आपोआप उतरत असे. टीव्ही आमच्याकडे पुष्कळ उशिरा आला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 1972 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झाले खरे, पण ते मुंबईसाठी. नागपूरकरांना त्याचा उपयोग नव्हता.

त्यानंतर मात्र गणपतीच्या दिवसांतल्या रविवारी सकाळी सगळा वाडा आमच्या ओसरीवर रामायण आणि महाभारत पाहायला जमत असे, आणि महालक्ष्म्यांची कोशिंबीर त्याच गर्दीत चिरली जात असे. असे आम्ही कितीतरी वर्षे पाहिले.

आंबिलीबद्दल एवढेच सांगतो की आपली एका रात्रीची आंबील मला फिकी वाटेल. आमच्याकडे पीठ दोन रात्री आंबवतात.

इतवारी
महालकर काका, वाद घालायचा नाही, पण ‘कितीतरी वर्षे’ या शब्दांपाशी थांबावे लागेल. रामानंद सागर यांचे रामायण 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी 31 जुलैला संपले, म्हणजे पहिल्या प्रक्षेपणात त्याच्या वाट्याला एकच गणेशोत्सव आला, 1987 चा. बी. आर. चोप्रा यांचे महाभारत 2 ऑक्टोबर 1988 रोजी सुरू झाले, तेव्हा त्या वर्षीची अनंत चतुर्दशी उलटून गेली होती. आणि 1990 चे गणपती येण्याआधी ते संपलेही. त्याच्याही वाट्याला 1989 चाच एक गणेशोत्सव येतो. दोन्ही मिळून महालक्ष्म्या झाल्या दोन वेळच्या. बाकीची वर्षे पुनःप्रक्षेपणाची किंवा केबलची असावीत.

अर्थात, ऐकून कळणारा कार्यक्रम या निकषावर महाभारताला पूर्ण गुण मिळतात. हरीश भिमाणी यांच्या आवाजातला ‘समय’ प्रत्येक भागाच्या आरंभी मागचे सगळे सांगतो, त्यामुळे आंबील ढवळायला उठून गेलेल्या माणसाचे काही अडत नाही. आमच्याकडे हल्ली या रात्री तेच लावतात. कोणता भाग लावायचा यावर मात्र भांडण होते. द्यूतसभेचा भाग सणाच्या घरात नको असे आजी म्हणते, आणि मुलांना नेमका तोच हवा असतो.

वर्धारोडवासी
माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. नव्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याची एकच भिंत मोकळी आहे आणि टीव्ही तिच्यावर कायमचा बसवलेला आहे. महालक्ष्म्यांचा मखर तिथेच करावा लागतो. संच काढायला माणूस बोलावला तर तो काढण्याचे आणि पुन्हा बसवण्याचे वेगवेगळे पैसे सांगतो, शिवाय मागच्या वेळी बसवताना त्याने भिंतीचा गिलावा उखडून ठेवला. आपण काय करता?

चितारओळ
संच काढू नका. पुढे दोन बांबू उभे करून त्यांवर जरीची साडी चुण्या घालून ताणा. आमच्याकडे पैठणीचा पडदा असतो आणि मागे टीव्ही आहे हे कोणाला कळतही नाही. एक काळजी घ्या, संचाची वायर प्लगमधून काढून ठेवा. मागच्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांकडे आरती चालू असताना कोणीतरी रिमोटवर बसले आणि देवींच्या मागून क्रिकेटचे समालोचन सुरू झाले.

गोकुळपेठी
आमच्याकडेही पडदाच असतो. भाज्या निवडण्याची बैठक त्यामुळे आतल्या खोलीत भरते, जिथे जुना छोटा संच ठेवला आहे. त्या संचाचा पडदा इतका लहान आहे की कोपऱ्यात बसलेल्यांना काही दिसत नाही. म्हणूनही ऐकून कळणारे काहीतरी लागते.

काका, आपला आक्षेप मला मान्य आहे. आवाहन आणि आरती हे सगळे होईपर्यंत आमच्याकडेही संच बंदच असतो. भाज्या रात्रीच्या जेवणानंतर काढतो.

ज्वारीवाला
आंबील फिकी की तीव्र, या वादात ज्वारीकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून लिहितो. आमची शेती काटोलकडे आहे. एकेकाळी विदर्भातल्या प्रत्येक शेतकऱ्याकडे खरिपाची ज्वारी असे, आता तिची जागा सोयाबीन आणि कापसाने घेतली आहे. ज्वारी काढणीला येते तेव्हा पाऊस लांबला तर कणसावर बुरशी चढते आणि दाणा काळा पडतो. शिवाय पाखरांची राखण करायला आता माणूस मिळत नाही. देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-1, 1964 साली आला. त्यानंतरच्या संकरित वाणांनी उत्पन्न वाढवले, पण घरच्या भाकरीसाठी आणि आंबिलीसाठी आमचे वडील गावरान ज्वारीचा एक पट्टा वेगळा पेरीत असत.

आज नागपूरच्या दुकानांत मिळणारी पांढरी शुभ्र ज्वारी बहुधा रब्बीची, मालदांडी असते, आणि ती सोलापूर, नगर या बाजूंनी येते. तिची भाकरी उत्तम होते आणि आंबीलही वाईट होत नाही, फक्त थोडी गोडसर लागते. महालकर काकांच्या घरी पीठ दोन रात्री आंबवावे लागते, ते कदाचित त्यामुळेही असेल. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून पाकिटातली ज्वारी सगळीकडे दिसू लागली आहे, परंतु पाकिटातले पीठ फार बारीक असते आणि त्यात कण्या मिळत नाहीत. कण्यांशिवाय केलेली आंबील पातळ पिठल्यासारखी होते. दाणे घ्या आणि गिरणीवाल्याला भरडून मागा. गव्हाच्या पाठोपाठ दळू देऊ नका.

टीव्हीबद्दल मला फारसे सांगता येणार नाही, कारण आमच्याकडे या रात्री बातम्याच असतात. पाऊस कुठे पडणार ते कळले पाहिजे.

नवी सून
मी या घरात आणि या शहरातही नवीन आहे. माहेरी गौरींना घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो, आंबील मी इथे येऊनच पाहिली. यंदा ती माझ्याकडे सोपवली आहे. सासूबाईंनी गणपतीच्या आधी एकदा करून पाहायला सांगितले, तेव्हा दोन गोष्टी घडल्या. पीठ ओतताच गुठळ्या झाल्या, आणि शेवटी ताक घातल्यावर ते फाटून पाणी वेगळे झाले. यात नेमके काय चुकले असावे?

सक्करदरा
गुठळ्या होण्याचे कारण असे की कोरडे किंवा अर्धवट भिजलेले पीठ उकळत्या पाण्यात पडले की त्याचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आतले पीठ कोरडेच अडकून राहते. रात्रभर भिजवलेल्या पिठाचाही खाली गाळ बसतो आणि वर ताक राहते. म्हणून ओतण्यापूर्वी तळापासून हात फिरवून ते सारखे करून घ्यावे आणि गॅस अगदी बारीक करावा. एका हाताने ओतावे, दुसऱ्या हाताने ढवळावे. दोन्ही जमत नसेल तर कोणाला तरी हाक मारावी, यात कमीपणा नाही.

ताक फाटण्याचे कारण उष्णता. पीठ मिसळलेले ताक शिजवले तरी सहसा फाटत नाही, कढीत बेसन हेच काम करते. पण नुसते ताजे ताक गरम आंबिलीत घातले तर त्यातली प्रथिने गोळा होऊन पाणी सुटते. गंजाला, म्हणजे पातेल्याला, बाहेरून हात लावून बघावा. तो पूर्ण गार लागला तरच ताक घालावे. घाई असेल तर गंज पाण्याच्या परातीत ठेवावा. आणि पितळेचा गंज असेल तर त्याला आतून कल्हई आहे ना, ते आधी पाहावे, कारण आंबट पदार्थ उघड्या पितळेत रात्रभर ठेवणे धोक्याचे आहे. आम्ही पीठ चिनी मातीच्या बरणीतच भिजवतो.

आंबणे किती होते हे ज्वारीइतकेच हवेवरही असते. भाद्रपदात नागपूरची रात्र दमट आणि उबदार असते, त्यामुळे आठ-दहा तासांत पिठावर बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि झाकण काढताच आंबूस वास येतो. वातानुकूलित खोलीत ठेवले तर सकाळी काहीही झालेले दिसत नाही. काकांच्या वाड्यातल्या जाड भिंतींच्या थंड कोठीत दोन रात्री लागत असतील, हे अगदी शक्य आहे.

महालकर
कोठी थंड होती, हे बरोबर. ज्वारी मात्र आमच्या शेतातली होती, मालदांडी नव्हे.

आणि इतवारीकर, आपला हिशेब बिनचूक असेल. पण त्या दोन गणेशोत्सवांतली गर्दी वीस वर्षांना पुरेल एवढी होती.

हैदराबादमधला नागपूरकर
दूर राहून महालक्ष्म्या बसवणाऱ्यांचाही एक मुद्दा नोंदवतो. ज्वारी इथे मुबलक आहे, तिची भाकरी तेलंगणात घरोघरी होते, त्यामुळे आंबिलीची अडचण नाही. पळसाचे द्रोण मात्र नागपुरातून येताना बॅगेत घालून आणावे लागतात. अडचण येते ती वातावरणाची. आमच्याकडे भाज्या निवडायला दोनच माणसे असतात, आणि दोन माणसांनी सोळा भाज्या निवडणे हे फार शांत आणि कंटाळवाणे काम आहे.

त्यासाठी मी एक उपाय शोधला आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतींच्या मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण इंटरनेटवर येते. त्या दिवशी मी कामावर असतो, म्हणून ते पाहायचे राखून ठेवतो आणि आवाहनाच्या रात्री लावतो. काळी मारबत आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हाचा गलका, ताशांचा आवाज, ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी आणि त्या त्या वर्षीच्या बडग्यांवरची, म्हणजे टीकेसाठी केलेल्या पुतळ्यांवरची, टोमणेबाजी हे सगळे ऐकायलाच अधिक मजा येते. निवेदक दर पाच मिनिटांनी गर्दी किती वाढली ते सांगतो, आणि बायको विचारते की आपल्या गल्लीतले कोणी दिसले का. कोणी दिसत नाही, पण भाज्या संपतात.

फोडणीविषयी विचारले आहे म्हणून सांगतो, आमच्याकडे तुपात जिऱ्याची फोडणी असते.

चितारओळ
फोडणी दिली की ती कढी झाली, आंबील राहिली नाही.

सक्करदरा
तुपाची असेल तर चालते. तेलाची नको. आंबील गार असते, आणि गार आंबिलीवर तेलाचा तवंग उतरून जिभेला चिकटतो. गार तूपही गोठते, म्हणून फोडणी द्यायचीच असेल तर ती आंबील कोमट असताना द्यावी आणि ताक त्यानंतर घालावे.

इतवारी
टीव्हीच्या बाजूने एक नियम सुचवतो, आमच्या घरात तो पाळला जातो. ज्याच्या हातात विळी किंवा सुरी आहे, त्यालाच काय लावायचे ते ठरवण्याचा अधिकार. हा नियम होण्यापूर्वी रिमोट नेहमी सोफ्यावर आडव्या झालेल्या जावयांच्या हातात असे आणि जमिनीवर बसून कारली चिरणाऱ्या बायकांना नको ते सामने ऐकावे लागत. नियम झाल्यापासून दोन जावई गवार निवडायला शिकले आहेत. त्यांतले एक आता इतके सफाईने दोर काढतात की त्यांना हवा तो सामना लावू द्यावा लागतो.

वर्धारोडवासी
पडद्याची युक्ती पटली, आभारी आहे. सामन्याचे समालोचन ऐकून कळते की नाही, यावर कोणी काही बोलले नाही. माझ्या मते रेडिओवरचे समालोचन कळते, टीव्हीवरचे नाही, कारण टीव्हीवरचा समालोचक चेंडू कुठे गेला ते सांगतच नाही. ते आपल्याला दिसते आहे असे तो गृहीत धरतो.

गोकुळपेठी
हे अगदी नेमके सांगितलेत. मला जे म्हणायचे होते त्याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. याच कारणाने अनंत चतुर्दशीचे थेट प्रक्षेपण आम्ही भाज्यांच्या कामाला लावीत नाही. पुण्याचे मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, त्याच क्रमाने निघतात आणि सगळी मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मुंबईचा मोठा गणपती गिरगाव चौपाटीवर पोहोचेपर्यंत दुसरी सकाळ उजाडते. ते मात्र पाहायचेच असते. सुदैवाने तोपर्यंत महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन गेलेले असते, घरात चिरण्यासारखे काही उरलेले नसते, आणि फुलोऱ्याच्या करंज्या आणि पापड्या डब्यात असतात. करंजी खाताना डोळे मोकळे असतात, म्हणून त्या रात्री पडदा कितीही मोठा चालतो. आमच्याकडे तोवर मखर उतरलेला असतो आणि दिवाणखान्यातला संच पुन्हा उघडा झालेला असतो, हाही योग चांगला जुळून येतो.

महालकर
अनंत चतुर्दशीला आम्हीही पाहतो. त्यावर कोणाचा आक्षेप नाही.

ताईंच्या यादीत एक भर घालतो. संगीत नाटकांची जुनी ध्वनिचित्रमुद्रणे सह्याद्री वाहिनीवर अधूनमधून लागतात. पदे सुरू झाली की पडद्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही आणि एका पदात एक जुडी सहज निवडून होते. आमची सून आता आवाहन आटोपल्यावर ती मोबाइलवर लावून फळीवर ठेवते, जिथे पूर्वी रेडिओ असे. मोबाइल म्हणजे टीव्ही नव्हे, असे तिचे म्हणणे आहे. मी अजून त्यावर निर्णय दिलेला नाही.

नवी सून
सगळ्यांचे आभार. दुसऱ्या वेळी गुठळ्या झाल्या नाहीत, आणि गंज परातीत ठेवून गार केल्यामुळे ताकही फाटले नाही. सासूबाई म्हणाल्या की मीठ थोडे कमी आहे, पण बाकी ठीक. आता शेवटचा प्रश्न. पूजनाच्या दिवशी महाप्रसादाला साठ माणसे येणार आहेत. किती ज्वारी भरडून आणू? आणि आमच्याकडे आवाहनाच्या रात्री धाकट्या नणंदेला एक नवी रहस्यकथा पाहायची आहे. तिला काय सांगावे?

ज्वारीवाला
पळसाच्या द्रोणात साधारण शंभर मिलिलिटर आंबील मावते. साठ माणसांना एकेकदा वाढले तर सहा लिटर लागेल, आणि निम्मी माणसे पुन्हा मागतील असे धरले तर नऊ. ताईंच्या प्रमाणाने नऊ लिटरला भरड पाऊण किलोच्या आसपास लागते. त्यात पाणी साडेचार लिटर आणि ताकही एकूण तेवढेच. त्यातले निम्मे रात्री पीठ भिजवायला, निम्मे सकाळी गार झाल्यावर. पाखडताना आणि चाळताना थोडे जाते, म्हणून ज्वारी सरळ एक किलो घ्या. गिरणीवाला एवढ्या कमी धान्यासाठी जाते मोकळे करायला कुरकुर करतो, तेव्हा सकाळी पहिल्या फेरीला जा. एवढ्या मोठ्या मापात पाणी एकदम न घालता अर्धा लिटर राखून ठेवा, कारण आंबील गार झाल्यावर घट्ट होते आणि किती घट्ट होईल ते ज्वारीवर आहे.

गोकुळपेठी
मीठ ताक घातल्यानंतरच चाखून घाला, आधी घातलेले नेहमी कमी वाटते. नणंदेला रहस्यकथा खुशाल पाहू द्या, फक्त तिला सांबाराच्या जुड्या देऊ नका. कोहळे द्या. त्याच्या फोडी लहानमोठ्या झाल्या तरी शिजल्यावर कोणाला कळत नाही.